बिल चार हीटर होजचे, बदलला एकच

गाडीचे हीटर होज, म्हणजे हीटरकडे जाणाऱ्या रबरी नळ्या, बदलून देतो म्हणून एका वर्कशॉपने माझ्याकडून 4 होज, ते आवळून धरणाऱ्या 8 क्लिपा, 8 लिटर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) आणि संपूर्ण कूलिंग सिस्टीम आतून धुण्याचे, म्हणजे फ्लशिंगचे, पैसे घेतले. प्रत्यक्षात 1 होज आणि 2 क्लिपा नव्या निघाल्या. उरलेले 3 होज जुनेच होते, त्यांना सिलिकॉनचा फवारा मारून चकचकीत केले होते, आणि कूलंट तर बदललेलेच नव्हते. हे लिहिताना संताप येतो आणि लाजही वाटते. पण गप्प बसलो तर हेच बिल उद्या दुसऱ्या कोणाच्या हातात पडेल.

मुळात होज बदलण्याचा सल्ला खोटा नव्हता, आणि म्हणूनच माझा विश्वास बसला. इंजिनातले तापलेले कूलंट हीटर कोअरपर्यंत, म्हणजे गाडीतली हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरपर्यंत, नेणारा एक आणि परत आणणारा दुसरा, असे हे दोन मार्ग. माझ्या गाडीत मध्ये कंट्रोल व्हॉल्व्ह आणि धातूची नळी असल्याने त्यांचे चार तुकडे होतात. हे रबर बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून चिरत जाते, कारण इंजिनाचे धातू आणि कूलंट यांच्यात सूक्ष्म विद्युतरासायनिक क्रिया चालते आणि तिची झळ होजच्या आतल्या थराला, बहुधा टोकांजवळ, लागते. वर्कशॉपच्या सल्लागाराने एका होजच्या टोकावरची भेग मला बोटाने दाखवली. भेग खरी होती. त्या एका खऱ्या भेगेच्या आधारावर त्याने बाकीचे सगळे बिल रचले.

गाडी ताब्यात घेताना मी काढलेले जुने होज मागितले. उत्तर आले, "भंगार लगेच जाते, साहेब, इथे ठेवत नाही." तो क्षण अजून डोक्यातून जात नाही. त्याच वेळी बॉनेट उघडून मी आत पाहिलेही होते: फायरवॉलजवळच्या (इंजिन आणि गाडीचा आतला भाग यांच्यामधल्या पत्र्याजवळच्या) होजवर नवी क्लिप होती आणि तिच्या शेजारीच, जेमतेम अर्ध्या बोटाच्या अंतरावर, जुन्या क्लिपेचा खोल गोल वळ रबरात रुतलेला होता. नव्या होजवर जुन्या क्लिपेचा वळ कुठून येणार? पण इंजिन गरम होते, आत अंधार होता, सल्लागार शेजारी उभा राहून सतत बोलत होता, आणि सगळे रबर काळेभोर चमकत होते. ते पाहून नवे आहे असेच कोणालाही वाटले असते. रबरावर छापलेला पार्ट नंबर आणि उत्पादनाची खूण त्या चमकेखाली पुसट झाली आहे, हे वाचायला कोण वाकतो?

पुढे एका चढावर हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागली, पाठोपाठ तापमानाचा काटा चढला आणि काचेवर गोडसर वासाची वाफ जमली. हीटर सुरू असताना हवा एकाएकी गार झाली, तर बहुतेक वेळा कूलंट कमी झालेले असते. तेव्हा गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीची कॅप मात्र उघडू नये. दाबाखाली असल्यामुळे कूलंट 100 अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण कॅप सैल होताच उसळून अंगावर येते. माझ्या गाडीतला, जुन्या क्लिपेचा वळ असलेला तोच होज क्लिपेजवळ उभा फाटला होता. दुसऱ्या मेकॅनिकने तो माझ्यासमोर कापून उलगडला, तेव्हा आतून टोकाकडे बारीक चिरांची जाळी दिसली. टाकीतल्या द्रवात गंजाचा गाळ होता, आणि मोजून पाहिल्यावर त्यात कूलंटपेक्षा पाणीच जास्त निघाले. गाडीच्या माहितीपुस्तिकेत पूर्ण सिस्टीमची क्षमता 5.5 लिटर दिली आहे. मग 8 लिटर कूलंट ओतले कुठे?

फाटलेला होज, फोटो आणि बिल घेऊन मी वर्कशॉपच्या व्यवस्थापकाकडे गेलो. "रबर कधीही फुटू शकते," एवढेच तो म्हणाला. गाडीच्या कंपनीच्या ग्राहक सेवेने पुन्हा त्याच वर्कशॉपशी संपर्क साधायला सांगितले, म्हणजे ज्याने फसवले त्यालाच न्यायाधीश नेमले. पोलिसांनी हा दिवाणी वाद असल्याचे सांगून अर्जही हातात घेतला नाही. ग्राहक तक्रार कार्यालयात तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. तो नेऊन दिल्यावर, होज त्याच वर्कशॉपमध्ये बसवला होता याचा पुरावा मागितला. बिलावर वर्कशॉपचा शिक्का, गाडीचा नंबर आणि होजची संख्या स्पष्ट असताना आणखी कोणता पुरावा असतो? जुने होज भंगारात टाकल्याचे वर्कशॉपने नुसते तोंडी सांगितले तर ते मान्य होते, आणि माझ्या हातातला फाटलेला होज मात्र संशयास्पद ठरतो. प्रत्येक टेबलावरचा माणूस पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतो, आणि ठगाला नेमके हेच हवे असते.

काम सुरू होण्याआधीच जुने भाग परत हवेत, असे जॉबकार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्या. तोंडी सांगितलेले टिकत नाही. काम होण्यापूर्वी प्रत्येक होजच्या दोन्ही टोकांचे फोटो काढा आणि नंतर इंजिन थंड असताना तसेच पुन्हा काढून ताडून पाहा. चमकणाऱ्या रबरावर कोरडे फडके घासा, फवारा मारला असेल तर तेलकट डाग उतरेल. होज थंड असताना टोकांजवळ दाबून पाहावा: मधल्या भागापेक्षा तिथे तो पिचपिचीत लागला किंवा आत फट जाणवली, तर बदलायलाच हवा. तेलाने फुगून मऊ झालेला होज नुसता पुसून चालत नाही. आधी तेलाची गळती शोधावी लागते. बिलातले कूलंटचे लिटर माहितीपुस्तिकेतल्या क्षमतेशी जुळवा. आणि जुना होज ओढून काढू देऊ नका, तो उभा चिरूनच काढायला सांगा, नाहीतर हीटर कोअरची नळी मोडते आणि तिचेही बिल तुमच्याच नावावर फाडले जाते.

माझी तक्रार अजून निकाली निघालेली नाही. फाटलेला होज मी पिशवीत सीलबंद करून ठेवला आहे आणि मागेल त्या प्रत्येक कार्यालयात तो घेऊन जाणार आहे.