साजाची मोड: एका चिठ्ठीत तीनदा कापणी

लग्नसराईच्या तोंडावर कोल्हापुरात मोडीला, म्हणजे जुने दागिने मोडून विकायला, गर्दी असते, आणि घाईतलं गिऱ्हाईक चिठ्ठीवरचा शेवटचा आकडा तेवढा बघतं. शहरातल्याच एका दुकानात फसलेल्या गिऱ्हाइकाची ही चिठ्ठी नीट वाचण्यासारखी आहे. सोपं जावं म्हणून भाव गोल धरलाय: २४ कॅरेट ग्रॅमला १०,००० रुपये, २२ कॅरेट ९,१६०.

डाग, म्हणजे दागिना, जुना कोल्हापुरी साज, हॉलमार्क नाही. एकूण वजन ३८.५०० ग्रॅम, आटवून (वितळवून) निघालेली लगड, म्हणजे सोन्याची कांडी, २८.४०० ग्रॅम. इथवर तक्रार नाही. साजाच्या मण्यांत आणि पानांत लाख असते, वर दोरा. दहा ग्रॅम गेले तर नवल नाही. म्हणूनच लाखेचा डाग अंदाजाने लाख वजा करून द्यायचा नाही, आटवूनच द्यायचा.

पुढे लगडीवर ‘३ टक्के घट’. घट कशाची? लाख, मळ, डाकातलं (सांधे जोडायच्या धातूतलं) जस्त जे जळायचं ते मुशीतच, सोनं वितळवायच्या भांड्यातच, जळलं. लगड काट्यावर आली तेव्हा घट होऊन गेलेली असते. तरी वजन २७.५४८ लिहिलं.

खरी मेख टंचात, म्हणजे शुद्धतेच्या आकड्यात, आहे. मशीनवर ८८ आलं, म्हणजे शंभर ग्रॅममध्ये ८८ ग्रॅम शुद्ध सोनं. हे तसं कमी नाही; साजाला जागोजाग डाक असतो, त्याने टंच उतरतं. पण एकदा टंच कापलं की उरतं ते शुद्ध वजन, त्याला भाव २४ कॅरेटचाच. या चिठ्ठीत टंचही कापलं आणि वर भाव २२ कॅरेटचा लावला. २२ चा भाव लावायचाच तर ८८ ला ९१.६ ने भागून येईल त्याने वजनाला गुणायचं. दोन्ही एकदम लावले की सव्वाआठ टक्क्यांच्या वर सोनं हवेत जातं, आणि आकडेमोड बरोबर असल्यामुळे कॅल्क्युलेटरवर चूक सापडत नाही.

शेवटी ३ टक्के जीएसटी. घरातलं जुनं सोनं विकणाऱ्याला तो लागत नाही. बदल्यात नवा डाग घेतला तर त्या नव्यावर लागतो, मोडीतून कापायचा नसतो.

हिशोब असा हवा होता: २८.४०० गुणिले ०.८८, म्हणजे २४.९९२ ग्रॅम शुद्ध, रुपये २,४९,९२०. हातात पडले २,१५,३९७. साडेचौतीस हजारांचा फरक. गलाईचे (वितळवायचे) किंवा शुद्ध करायचे पैसे घेणं गैर नाही, खरेदीचा भावही विक्रीपेक्षा थोडा कमी असतो. पण दोन्ही आटवण्याआधी सांगायला हवेत.

मुशीकडेही लक्ष असू द्या. लाख आधी जाळून काढली नाही तर तिची राख टाकणखार (बोरॅक्स) वितळून झालेल्या काचेत मिसळते आणि सोन्याचे बारीक दाणे मुशीच्या कडेला चिकटून राहतात. लगड ओतल्यावर मूस वाकडी करून आत दाखवायला सांगा. दाणे दिसले तर थोडा टाकणखार घालून पुन्हा तापवायला लावा. दुकानातला केर झारेकरी, म्हणजे केर धुऊन सोनं काढणारे, पैसे मोजून नेतात तो उगाच नव्हे.

मशीन फक्त वरचा पापुद्रा वाचतं. तेजाबात धुतलेल्या लगडीच्या अंगावरचं तांबं निघून जातं आणि टंच चढं दिसतं. काळपट, न घासलेल्या लगडीवर ते उतरतं. लगड कानशीने घासून दोन्ही टोकांना आणि मध्ये बघायची, तीन आकडे जुळले तर ठीक. शंका राहिली तर आगीतली चाचणी, म्हणजे ‘फायर ॲसे’, मागा.

हॉलमार्क नसलेला डाग मोडण्याआधी बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात कोणालाही तपासून घेता येतो. डागावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (हॉलमार्कचा क्रमांक) असेल तर तो बीआयएस केअर ॲपवर टाकून शुद्धता जुळते का ते बघा. चिठ्ठीवर एकूण वजन, लगडीचं वजन, टंच आणि कोणत्या कॅरेटचा भाव हे चारही लिहून घ्या. पुढे ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा. आणि टंचासाठी लगडीचा तुकडा कापला असेल तर एकतर तो परत घ्या, नाहीतर त्याचं वजन हिशोबात धरायला लावा.