बुडत्या कणांचं मोजमाप: सापळा लावावा की थोरियम मोजावं?

बेळगाव, खानापूर, निपाणीहून समुद्रविज्ञानासाठी घाट उतरून गोव्याला किंवा कारवारला जायचा विचार असेल आणि विषय समुद्रात बुडणाऱ्या कणांचा असेल, तर पद्धत आधी ठरवा. मेलेले प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव), प्राण्यांची विष्ठा, वाऱ्याची धूळ असे हे कण वरच्या पाण्यातला कार्बन खोल नेतात. प्रश्न एवढाच, की किती नेतात?

पहिला मार्ग सापळ्याचा. हा सापळा, म्हणजे सेडिमेंट ट्रॅप, म्हणजे तळाशी वजन बांधलेल्या दोरावर पाण्यात उभं ठेवलेलं मोठं नरसाळं. त्याखालच्या बाटल्या ठरल्या तारखेला आपोआप बदलतात, म्हणून वर्षभराचा हिशेब मिळतो. शिवाय माल हाती येतो: कवचं ओळखता येतात, चुना आणि सिलिका वेगळी मोजता येते. हे मला फार मोलाचं वाटतं. गोव्यातल्या दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसोबत १९८६ पासून अरबी समुद्रात असे सापळे लावले. खोल पाण्यात पडणारे कण मोसमी वाऱ्यांच्या काळात वाढतात, हे त्यातूनच दिसलं. बंगालच्या उपसागरात नद्यांची मातीही कणांना जड करते. (कणकुंबीला उगवणारी मलप्रभा कृष्णेतून तिकडेच जाते, म्हादई मात्र त्याच खानापूर तालुक्यातून अरबी समुद्राकडे वळते.)

पण वरच्या काहीशे मीटरांत सापळ्याचा भरवसा कमी. प्रवाह तोंडावरून आडवा वाहतो आणि कण कमीजास्त पडतात. जिवंत प्राणी आत शिरून टिकवणीच्या द्रावणात मरतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेचावे लागतात.

थोरियमचा मार्ग वेगळा. समुद्रात विरघळलेल्या युरेनियम-२३८ पासून थोरियम-२३४ हे किरणोत्सारी मूलद्रव्य सतत तयार होतं. त्याचं अर्धायुष्य २४.१ दिवस, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. ते कणांना चिकटतं आणि कणांबरोबर बुडतं, त्यामुळे वरच्या पाण्यात युरेनियमच्या मानाने थोरियमची तूट किती ते मोजलं की किती बुडालं ते कळतं. चार लिटरचा नमुनाही पुरतो, एका सफरीत अनेक ठिकाणं होतात. थोरियम मोजतात ते त्याच्या बीटा किरणांवरून. मात्र पार्श्वभूमी, म्हणजे थोरियम-२३४ सोडून इतर किरणोत्सार, वजा करायला तेच नमुने पाच-सहा महिन्यांनी पुन्हा मोजतात; प्रबंधाच्या शेवटच्या सत्रावर हे काम ढकलू नका.

कच्चा दुवा पुढे आहे. हाती येतं ते थोरियम, कार्बन नव्हे. पंपाने पाणी गाळून कणांवरचं कार्बन-थोरियम गुणोत्तर काढावं लागतं, आणि ते जागेनुसार, खोलीनुसार बदलतं. जिथे खालचं पाणी वर येतं तिथे साधं गणित चुकतं. आणि हिशेब मिळतो तो मागच्या काही आठवड्यांचाच.

पाण्यातले कॅमेरे कणांची संख्या आणि आकार देतात, पण कार्बन आणि बुडण्याचा वेग गृहीत धरावा लागतो. एकट्या त्यांच्यावर प्रबंध उभा करू नये.

वरच्या १००-२०० मीटरांतून काय निसटतं हा प्रश्न असेल आणि हाती दोन-तीन वर्षं असतील, तर मी थोरियमच सुचवेन. वर्षाचा ताल किंवा खोल समुद्र हवा असेल, तर सापळाच. पण तो लावायला एक आणि काढायला दुसरी सफर लागते, आणि दोर तुटला तर वर्षाचं काम बुडतं. म्हणून नाव नोंदवण्याआधी मार्गदर्शकांना विचारा: जहाजावर जागा कधी आहे, बीटा मोजणीचं यंत्र चालू आहे का, आणि आधीच्या सापळ्यांचे न तपासलेले नमुने शिल्लक आहेत का?