बडोद्यातल्या प्रसूतिगृहाचं 'पहिले चोवीस तास' पॅकेज: सेवा चोख, रक्ततपासणी वगळा

रावपुऱ्याजवळच्या एका खासगी प्रसूतिगृहात नवजात बाळासाठी पहिल्या दिवसाचं वेगळं पॅकेज मिळतं. त्यातलं जवळजवळ सगळं घेण्यासारखं आहे. 'इम्युनिटी प्रोफाइल' नावाची रक्ततपासणी मात्र बाळ निरोगी असेल तर नको म्हणा.

ही तपासणी म्हणजे जन्मानंतर काही तासांतच केलेला सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि सीआरपी (शरीरात दाह असला की वाढणारं प्रथिन). कळांच्या ताणाने बाळाच्या रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं आणि पांढऱ्या पेशी, त्यातही न्यूट्रोफिल (जंतूंना गिळणाऱ्या पेशी), मोठ्या संख्येने रक्तात उतरतात. जन्मावेळी पांढऱ्या पेशींचा दर मायक्रोलिटर 9,000 ते 30,000 हा आकडा नॉर्मलच धरतात. न्यूट्रोफिल साधारण 12 तासांनी सर्वांत जास्त असतात, तिसऱ्या दिवसापर्यंत बरेच कमी होतात. कळा सुरू होण्याआधीच ठरवून सिझेरियन केलं असेल तर आकडा मुळातच कमी येतो. इथल्या रिपोर्टवर ना प्रसूतीचा प्रकार, ना रक्त घेतल्याची वेळ. शेजारी रेंज छापलेली मोठ्या माणसांची. 11,000 च्या मर्यादेपुढे 22,000 ठळक अक्षरांत दिसले की घरचे घाबरणारच! शिवाय संख्या म्हणजे ताकद नव्हे. नवजात बाळाचे न्यूट्रोफिल संसर्गाच्या जागी पोहोचायला मंद असतात आणि त्यांचा राखीव साठाही तुटपुंजा असतो. सीबीसीत यातलं काही दिसत नाही. सीआरपीसुद्धा पहिल्या दोन दिवसांत संसर्गाशिवाय थोडं वाढू शकतं. आईला ताप असेल, पाणमोट फुटून 18 तास उलटले असतील, बाळ सुस्त असेल किंवा दूध ओढत नसेल, तर तपासणी हवीच. पण ती डॉक्टरांनी कारण पाहून सांगायची, पॅकेजमधून सरसकट नाही.

बाकी काम मन लावून होतं. नाळ 1 ते 3 मिनिटांनी कापतात, बाळ पुसून थेट आईच्या छातीवर ठेवतात, पहिल्या तासात पाजतात, सिझेरियन असलं तरी. आईचं आयजीजी हे प्रतिपिंड (संसर्गाशी लढणारं प्रथिन) वारेतून (प्लॅसेंटातून) शेवटच्या आठवड्यांत बाळाला मिळालेलं असतं. आतड्यांचं रक्षण करणारं आयजीए हे प्रतिपिंड मात्र चिकातूनच येतं. म्हणून मध किंवा गळथुथी (गुजरातेतली जन्मघुटी) घेऊन आलेल्या आजीला नर्स प्रेमाने, पण ठामपणे थांबवतात. हे आम्हाला फार आवडलं.

लसीकरणात एक ढिलाई आहे. बीसीजी या क्षयावरच्या लशीची कुपी मिसळल्यावर 4 तासांत संपवावी लागते, म्हणून इथे ती ठरावीक वारीच उघडतात. तेवढं चालेल. पण हिपॅटायटिस बी या काविळीवरच्या लशीची 0.5 मिलीची सुई त्या वारासाठी अडवू देऊ नका. ती 24 तासांच्या आत मांडीत बसलीच पाहिजे, कारण आईकडून आलेला विषाणू रोखायचा तर उशीर परवडत नाही. पोलिओचे 2 थेंबही सोबतच मागून घ्या. बीसीजी 0.05 मिली, डाव्या दंडावर कातडीच्या आत. टोचताच पांढरट फुगवटा आला नाही तर सुई खोल गेली असं समजा आणि तिथेच नर्सला दाखवा. पुढे काही आठवड्यांत तिथे पू धरेल, त्याला मलम लावू नका.