दातांच्या डॉक्टरची भीती: लाफिंग गॅस की शिरेतून औषध?
खुर्चीत बसायच्या विचारानंच घाम फुटतो ना, मग हे वाचा. लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन, नाकावर छोटा मास्क लावतात, काही मिनिटांत आवळलेल्या मुठी सैल पडतात, तुम्ही जागेच असता आणि शेवटी नुसता ऑक्सिजन दिला की पटकन उतरतो. फक्त नाक चोंदलेलं असेल तर जमत नाही. शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध देतात ते जास्त स्ट्राँग, नंतर बरंचसं आठवतही नाही, पण घरी न्यायला कुणीतरी हवंच आणि 24 तास गाडी चालवायची नाही. भीती फारच असेल तरच ते, एरवी मला गॅसच बरा वाटतो. दोन्हीत बधिर करायचं इंजेक्शन लागतंच, त्यामुळे तुम्ही हात वर केला की लगेच थांबणारा डॉक्टर आधी शोधा, खरंच.