स्टीम डेक ओलेड, अकरा महिन्यांनंतर: घेतला लोकलसाठी, वापरला कुकरपाशी

कबुली आधीच देतो. गेल्या दिवाळीत मावसभाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा त्याच्याकडून हा डेक, म्हणजे कॉम्प्युटरवरचे खेळ हातात धरून खेळायचं यंत्र, मागवताना मी घरी एकच कारण सांगितलं होतं: ठाणे ते बेलापूर. चाळीसेक मिनिटं जायला, तेवढीच यायला. महिन्याचे, वर्षाचे तास कागदावर मांडून बायकोला दाखवले होते. तो कागद तिनं फ्रिजवर चुंबकाखाली लावला. अजून तिथंच आहे.

अकरा महिन्यांत गाडीत डेक बॅगेतून निघाला नऊ वेळा. दहाव्यांदाही काढला होता, पण तुर्भ्याच्या आसपास शेजारच्या काकांनी "हे सोनोग्राफीचं मशिन का हो?" असं अगदी मनापासून विचारलं आणि मी तो मुकाट परत आत ठेवला.

सगळी गोम मापात आहे. डेकची रुंदी २९८ मिलिमीटर, म्हणजे शाळेत कंपासपेटीत मावायची नाही ती मोठी फूटपट्टी. एवढी वस्तू दोन हातांत आडवी धरायची तर कोपरं बाहेर येणार, आणि तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बसलेल्याला कोपरं असण्याची मुभाच नसते. ठाण्याला गाडी लागताना आत घुसून खिडकी पटकावली तर जमतं, पण मग सकाळचं ऊन थेट स्क्रीनवर. माझा डेक ५१२ जीबीचा, त्याची काच चकचकीत. चकाकी कमी करणारी काच १ टीबीच्या डेकलाच मिळते. तिथं १०० डॉलर वाचवले, त्यामुळे ऐरोली ते घणसोली स्वतःचाच चेहरा बघत खेळलो. वजन ६४० ग्रॅम. पहिल्या दहा मिनिटांत काही वाटत नाही, विसाव्या मिनिटाला मनगट बोलायला लागतं. शिवाय बॅगेत लॅपटॉप, डबा, पावसाळ्यात छत्री. डेक त्याच्या कडक केससकट नेमका डब्याच्या जागेवर बसायचा. दोन आठवडे मी डबा वेगळ्या पिशवीतून नेला. मग आई म्हणाली, "कामाला जातोस की खेळायला?" डबा जिंकला.

आणि खरं सांगायचं तर त्या डब्याला, म्हणजे गाडीच्या, माझ्या खेळाची गरजही नव्हती. समोर चौघं एकाच फोनवर लूडो खेळत असतात, पाचवा उभ्यानं सल्ले देत असतो. (तो लूडो किंगही आपल्या नवी मुंबईतलाच, २०१६ चा, हे त्या चौघांना ठाऊक असेल असं वाटत नाही.) बाबांच्या वेळी मांड्यांवर आडवी सूटकेस असायची आणि तिच्यावर पत्ते. त्यांच्यात मी कानात बड्स घालून एकटाच राक्षस मारत बसलोय, हे जरा शिष्टपणाचंच दिसायचं.

गंमत म्हणजे हातात धरून खेळायच्या खेळांची सुरुवातच म्हणे गाडीत झाली. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या गुनपेई योकोईंना शिन्कान्सेनमध्ये, म्हणजे तिकडच्या बुलेट ट्रेनमध्ये, एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला दिसला आणि त्यावरून १९८० चा गेम अँड वॉच सुचला, अशी गोष्ट सांगतात. तो खिशात मावायचा. पुढे १९८९ मध्ये गेम बॉय आला. आमच्या चाळीत यातलं काहीच पोचलं नाही, आला तो ब्रिक गेम. खोक्यावर '९९९९ इन १' लिहिलेलं आणि आत तेच ठोकळे, फक्त कमीजास्त वेगानं. पण तोही चड्डीच्या खिशात मावायचा. डेक कुठल्याच खिशात मावत नाही, हे मला ४६ हजारांच्या आसपास खर्च करून कळलं.

मग वापरला कुठं? घरात. तुकड्यातुकड्यांत.

आमच्याकडे टीव्ही एकच, आणि संध्याकाळी त्यावर आईच्या मालिका. रात्रीचा कुकर माझ्याकडे. आता कुकर लावल्यापासून तिसऱ्या शिट्टीपर्यंतचा वेळ बघा: दुसरं काही करायला तो पुरत नाही आणि नुसतं उभं राहायला जास्त होतो. या वेळात मी ओट्याला टेकून हेडीस खेळतो. पाताळातून पळायला निघालेला झॅग्रियस तलवार उगारतो, तिसरी शिट्टी होते, मी वरच्या कडेचं बटण एकदा दाबतो. स्क्रीन काळी. गॅस बंद, वरणाला फोडणी, ताटं, जेवण, ओटा आवरणं. दोन तासांनी तेच बटण पुन्हा दाबलं की दोनतीन सेकंदांत तलवार हवेत तिथंच असते. सेव्ह नाही, लोडिंग नाही, 'पुढे चालू ठेवायचं का' हा प्रश्न नाही.

या एका बटणावर मी अख्खा लेख लिहू शकतो आणि बहुधा तेच करतोय. माझ्या दिवसात सलग तास असा उरलेलाच नाही. सात मिनिटं असतात, अकरा मिनिटं असतात. माइक बंद ठेवून ऐकायचा कॉल असतो. टँकर आलाय, टाकी भरेपर्यंत खाली थांब, असा निरोप असतो. हे सगळे तुकडे आधी फोन खायचा. फोनवरचे बरेचसे खेळ आपल्यासाठी थांबत नाहीत, उलट बोलावत राहतात: आजचं बक्षीस घ्या, उद्या आला नाहीत तर साखळी तुटेल. डेक गप्प पडून असतो. मार्चमध्ये ऑफिसच्या गडबडीत तीन आठवडे त्याला हात लावला नाही, आणि परत उचलला तेव्हा त्यानं एका शब्दानं विचारलं नाही कुठं होतास.

रात्रीचा वापर वेगळा. ७.४ इंचांचा ओलेड पडदा अंधारात बघण्यासारखा आहे. काळं म्हणजे खरोखर काळं, त्या जागचे दिवेच विझलेले. ब्राइटनेस तळाला नेला की शेजारी झोपलेल्या माणसाची तक्रार येत नाही. बटणांच्या टकटकीची येते.

बॅटरीबद्दल सगळे विचारतात. कंपनी ३ ते १२ तास सांगते. एवढी तफावत का, हे साध्या भागाकारानं कळतं. बॅटरी ५० वॅट-तासांची. मोठा, सुंदर, धूर ओकणारा खेळ लावला आणि यंत्र २० वॅट ओढायला लागलं, तर अडीच तास. पत्त्यांचा किंवा शेतीचा साधा खेळ ७ वॅटवर चालला, तर सात. किती वॅट जातायत ते स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवायची सोय आहे. ती आठवडाभर चालू ठेवा, मग बंद करा, नाहीतर खेळ राहतो बाजूला आणि आपण रिक्षाच्या मीटरसारखे आकडेच बघत बसतो. पडदा ९० हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला ९० वेळा चित्र बदलतो, त्यामुळे जड खेळ मी त्याच्या निम्म्यावर, ४५ फ्रेमवर बांधून टाकतो. डोळ्यांना खुपत नाही आणि पंखाही शांत राहतो.

घ्यायचा विचार असेल तर एक गोष्ट नीट ऐका. हा भारतात अधिकृतपणे विकला जात नाही, म्हणजे बिघडला तर आपण आणि आपलं नशीब. आयात करून विकणाऱ्या एका दुकानदारानं मला 'शॉप वॉरंटी'ची चिठ्ठी देऊ केली होती. तिच्यावर गोल शिक्का होता, पत्ता नव्हता. म्हणून मावसभावाची वाट पाहिली. असाच दुसऱ्या कंपनीचा रॉग अलाय इथं २०२३ पासून रीतसर मिळतो, तो हातात घेऊन पाहिलाही, पण त्यात विंडोज. दिवसाचे नऊ तास ते बघतोच, घरी परत कशाला? डेक लिनक्सवर चालतो आणि विंडोजचे खेळ प्रोटॉन नावाच्या दुभाष्याकरवी चालवतो. बहुतेक चालतात. पुण्यात तयार झालेला राजी हा खेळ मी यावरच संपवला. पण चीटिंग पकडायला आत खोलवर पहारेकरी बसवणारे काही ऑनलाइन खेळ इथं उघडत नाहीत. सुट्टीत भाचा आला, त्यातलाच व्हॅलोरंट नाही म्हटल्यावर डेक खाली ठेवून सरळ माझा जुना लॅपटॉप घेऊन बसला.

आता बाबा. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांचं बाहेर जाणं कमी झालंय. तीस वर्षं ठाणे ते व्हीटी पत्ते खेळत गेलेला माणूस. एका रविवारी मी बालात्रो खेळत होतो. २०२४ चा खेळ, पोकरचे हात लावून गुण वाढवायचे, मधे मधे जोकर विकत घ्यायचे. ते मागून डोकावले. "फ्लश काय लिहिलंय? हा तर कलर!" मग तीन पत्तीच्या हिशेबानं मला शिकवू लागले. पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर लागतो, तीन पत्तीत खाली, यावर अर्धा तास वाद झाला. त्यांच्या मते पोकरवाल्यांना अक्कल नाही.

आईनं डोळे वटारले: "घरात जुगार नको." पैसे लागत नाहीत, गं, नुसते आकडे आहेत, हे पटवायला दोन दिवस गेले. पण आईला हसायचं कारण नाही. खेळांना वयाचे शिक्के देणाऱ्या युरोपातल्या पेगी या संस्थेनंही याला आधी १८ वर्षांवरच्यांचा शिक्का मारला होता आणि २०२५ मध्ये अपिलानंतर तो १२ वर आणला. आईनं कोणाचं अपील न ऐकता दोन दिवसांत आणला.

आज माझ्या डेकवर बाबांचे बालात्रोचे तास माझ्या सगळ्या खेळांच्या तासांपेक्षा जास्त आहेत. हाताच्या मानानं वजन जड पडतं, म्हणून ते मांडीवर उशी घेतात. अक्षरं बारीक वाटली की चष्मा कपाळावर. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत हातात तोच असतो, आणि नाव पुकारलं की बटण दाबून माझ्याकडे देतात: "कुणाला हात लावू देऊ नकोस, चौथा जोकर मिळालाय."

गेल्या महिन्यात बाबा रिक्षानं ठाण्यातल्या तलावपाळीला गेले, कापडी पिशवीत डेक घालून. त्यांच्या गाडीतले जुने तिघं संध्याकाळी तिथं बसतात. मी आणायला गेलो तेव्हा डेक चौघांत फिरत होता. एक खेळत होता, तिघं ओरडत होते, आणि "अरे, तो बदाम टाक!" हे पार रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. बॅटरी ११ टक्के. उजव्या स्टिकला चिवड्याचं तेल लागलं होतं. चष्म्याच्या फडक्यानं निघालं, पण खाचेतला हळदीचा डाग काही जात नाहीये. कुणाला उपाय माहीत असेल तर सांगा.