टर्नर माणसानं घेतलेलं शिलाई मशीन, नऊ महिन्यांनंतर

दसऱ्याला मशीन घेतलं, आता नऊ महिने झाले. रोज नाही पण आठवड्यातनं तीन-चार दिवस तरी चालतंय, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. घेतल्यापासून आठ दिवसांत लिहिलेले रिव्ह्यू मी पण वाचले होते, सगळे आपले "मस्त आहे, पॅकिंग छान होतं", पॅकिंग काय अंगात घालायचंय काय.

आधी माझं सांगतो, म्हणजे कुठल्या नजरेनं लिहितोय ते कळेल. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वीस-बावीस वर्षं लेथवर, आता सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. शिवणकामाशी संबंध एवढाच की लहानपणी आईच्या पायमशीनचं चाक गंमत म्हणून उलटं फिरवायचो आणि ती पाठीत धपाटा घालायची, दोरा तुटतो म्हणून. मग आता चाळिशी उलटून गेल्यावर हे खूळ कुठनं आलं, तर आबांच्या खांद्यावरनं आलं. वडिलांनी उभं आयुष्य दुधाच्या कॅना वाहिल्या, त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला इंचभर खाली आहे. रेडिमेड जाकीट घातलं की एका बाजूला गळा उभा राहतो आणि दुसऱ्या बाजूला खालचा घेर लोंबतो. टेलरला दोनदा सांगून बघितलं, तो म्हणतो माप घेतलंय की, पण माप छातीचं घेतलंय, खांद्यांचं वेगवेगळं कोण घेतंय. कारखान्यात एक जॉब पाच-दहा मायक्रॉननं चुकला तर आम्ही रिजेक्ट करतो आणि इथं इंचभर चूक माणूस अंगावर घेऊन रंकाळ्यावर फिरतोय, ते बघवेना.

तर मशीन घरगुती झिगझॅगचं आहे, पुढनं बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची बारकी रीळ, घालायचं, मोटर ७० वॅट, वजन साडेसहा किलोच्या आसपास, साडेअकरा हजाराला पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या किमतीत दुकानात चार उघडून बघितली, आतनं थोड्याफार फरकानं सारखीच होती. दुकानदारानं डेमोला माणूस दुसऱ्या दिवशी पाठवतो म्हटलं, तो आला नवव्या दिवशी, तोवर मी मशीनशी जे काय करायचं ते करून बसलेलो.

म्हणजे काय केलं ते सांगतो, कारण हे नव्या माणसांपैकी दहात आठ जणांचं होत असणार. पहिली टीप मारली, वरनं एकदम सुंदर, खाली बघतोय तर दोऱ्याचं घरटं, हात घालून ओढायला लागलो तर कापड पण आत. मला वाटलं खालचं टेन्शन, म्हणजे दोऱ्याचा ताण, ढिलं आहे, म्हणून बॉबिन केसचा बारका स्क्रू आवळला, अजून आवळला, टाके खेचायला लागले, मग ढिला केला, असं दोन दिवस. चूक खाली नव्हतीच. दोरा ओवताना मी फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली पाडून ठेवत होतो, आणि फूट खाली असलं की वरच्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्या मधे बसतच नाही, वरनं नुसता लोंबतो. फूट वर करून ओवला, खटाक, झालं. लॉकस्टिच म्हणजे वरचा दोरा आणि खालचा दोरा कापडाच्या जाडीत मधोमध एकमेकांत अडकायला पाहिजेत, खाली गुंताडा दिसला तर बहुतेक वेळा दोष वर असतो. एवढी एक ओळ मॅन्युअलमध्ये मोठ्या अक्षरात छापली असती तर माझे दोन दिवस वाचले असते, तिथं एवढ्याशा चित्रात बाण दाखवलाय.

आईनं हे सगळं खाटेवर बसून बघितलं आणि म्हटली, "आमच्या मशिनीला असलं काय बी न्हवतं." तिचं मशीन अजून माळ्यावर आहे, काळं, सोनेरी नक्षीवालं. पण त्याचंही खरं सांगायचं तर तिनं त्यात कायम गोडंतेल घातलं आणि ते आत वाळून डिंकागत घट्ट झालं, मागं मी रॉकेलनं धुऊन काढलं तेव्हा चाक फिरलं. शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेल मिळतं तेवढंच घालायचं, शटल फिरतं त्या रिंगेत एक थेंब, आणि तेलाआधी ब्रशनं कापसाची भुकटी काढायची. फ्लीस शिवलं की दोन तासांत आत उशी तयार होते.

आता आबांचं जाकीट. खादी घेतली, ५८ इंच पन्हा, सव्वा मीटर, अस्तराला सुती कापड. खादी मी शहाण्यासारखी रात्रभर भिजवून वाळवून इस्त्री करून मग बेतली, अस्तर मात्र तसंच बेतलं, म्हटलं आतलं काय कोण बघतंय. शिवून झालं, फिटिंग असं बसलं की आबा आरशासमोरनं हलेनात, उजवा खांदा मी पाऊण इंच खाली उतरवला होता आणि त्याच बाजूचा मुंढा तेवढाच खाली घेतला होता, गळा दोन्हीकडनं मानेला चिकटला. मग पहिली धुलाई झाली. अस्तर आटलं, खादी आहे तशीच, आणि खालचा सगळा घेर आत ओढून चुण्या चुण्या. आबा काय बोलले नाहीत, त्यांनी ते घालून जायचं पण सोडलं नाही, ते जास्त लागलं मनाला. पुढच्या रविवारी खालची शिवण उसवून अस्तर सोडवलं, बरं झालं माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, दीड इंच सोडलेली. तर सुती कापड असेल तर मीटरमागं तीन ते पाच सेंटिमीटर आटतंय असं धरून चाला, बाहेरचं असो नाहीतर आतलं, आधी पाणी दाखवा. आबांची दुरुस्ती एकच होती, "आतला खिसा वाईच खोल कर की रं, चंची वर येतीया."

गळ्याला आणि पुढच्या पट्टीला कॅनव्हास म्हणून दुकानात देतात ते इस्त्रीनं चिकटणारं घेतलं. ते नुसती इस्त्री फिरवून चिकटत नाही, वर ओलसर फडकं ठेवून इस्त्री एका जागी दाबून धरायची, दहा-बारा सेकंद, मग उचलून पुढं, घासायची नाही. मी घासली, पहिल्या गळ्याला धुतल्यावर फोड आल्यागत बुडबुडे आले. एक गोष्ट मला फार उशिरा कळली की जाकीट घरगुती दिसतंय का दुकानातलं दिसतंय हे मशीनवर कमी आणि इस्त्रीवर जास्त ठरतंय. प्रत्येक शिवण मारली की लगेच उघडून दाबायची, मगच पुढची. लेथवर जॉब काढून बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुसळं, घासल्याशिवाय पुढच्या सेटिंगला लावत नाही, तसंच हे.

पोरीचं जॅकेट ही या नऊ महिन्यांतली सगळ्यात मजेशीर भानगड. आईची जुनी इरकल, मधे फाटलेली पण काठ एकदम शाबूत, त्याचं आत फायबर घालून जॅकेट करायचं ठरलं, थंडीत पन्हाळ्याला जायचं होतं. वर साडी, मधे १०० जीएसएमची फायबर शीट, खाली अस्तर, म्हणजे आपली वाकळच, फक्त बाह्या असलेली. मी तुकडे आधी कापले आणि मग त्यावर दोन-दोन इंचांवर टिपा मारल्या. तीन थरांवर टिपा मारल्या की कापड सगळीकडनं आखडतं हे डोक्यातच आलं नाही, पुढचे दोन्ही भाग सव्वा इंचानं आखूड आले. बगलेला काठाची पट्टी जोडून निभावलं, आता सगळे विचारतात ही डिझाईन कुठनं घेतली! तर आधी मोठा तुकडा घेऊन टिपा मारा, मग त्यावर माप ठेवून कापा.

दुसरं म्हणजे साधं फूट वरचा थर पुढं ढकलत नेतं आणि खालचे दाते खालचा थर ओढतात, शेवटी येईपर्यंत अर्धा इंच फरक. वॉकिंग फूट वेगळं विकत घ्यावं लागलं, त्याला वरनं पण दाते असतात, साडेसहाशे रुपये, पण वसूल. ते येईपर्यंत आईनं मार्ग काढला, "आदी सगळीकडं कच्चं टाकं घाल, मग तुजं ते मशीन पळीव." तिनंच बसून घातले, चष्मा न लावता, एकसारखे, मी स्केल लावून बघितलं. ती वाकळ कडेनं सुरू करून आत आत जाते, मशीनवर मात्र मला उलटं जमलं, मधनं सुरू करून दोन्हीकडं बाहेर. यावर घरात अजून वाद आहे. टाक्याची लांबी तीन ते साडेतीन मिलिमीटर, त्याहून बारीक ठेवली तर फायबर दबून जॅकेट पापडागत होतं.

पोराला डेनिम पाहिजे होतं. इथं मशीनची औकात कळली. साध्या शिवणीला १६ नंबरची सुई घालून काय त्रास नाही, पण खांद्याची डबल शिवण आणि योकची, म्हणजे खांद्याखालच्या जोडपट्टीची, शिवण जिथं एकमेकीवरनं जाते तिथं कापड सात-आठ पदरी होतं, मी पायडल दाबलं, मोटर गुरगुरली आणि टक्. सुई तुटली, टोक कुठं उडालं ते शोधायला अर्धा तास, आणि पोरगा बाजूला उभा. चष्मा घालून शिवा, मी चेष्टा करत नाही. नवी सुई घातली तर दोरा दर दोन इंचाला तुटायला लागला. सुई, दोरा, टेन्शन सगळं बदलून झालं. शेवटी निडल प्लेट, म्हणजे सुई जिच्या भोकातनं खाली जाते ती पट्टी, काढून नखानं चाचपली तर भोकाच्या कडेला बर आलेली, सुई आपटली तिथली. आठशे नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळी करून फिरवला, दोन मिनिटांचं काम. हे सर्व्हिसवाल्याला फोनवर सांगितलं तर तो म्हटला प्लेट नवी घ्या.

त्यानंतर डेनिमला १८ नंबरची सुई घेतो, १८ म्हणजे सुईची जाडी १.१ मिलिमीटर, पाकिटावर ११०/१८ असं असतं. जाड जागा आली की आधी हातोडीनं ठोकून चपटी करायची, खाली लाकडी पाट घेऊन, हो हातोडीनंच, आणि फुटाच्या मागच्या बाजूला काडेपेटीचा पुठ्ठा दुमडून सरकवायचा म्हणजे फूट तिरकं न होता सपाट बसतं, आणि तेवढे सहा-सात टाके चाक हातानं फिरवून घ्यायचे. वरनं जाड दोरा, बॉबिनमध्ये साधाच. जॅकेट झालं, पोरगा कॉलेजला घालून गेला, "पप्पांनी शिवलंय" म्हणून सांगितलं का नाही ते मी विचारलं नाही.

काय काय बिघडलं म्हणाल तर सुईत आपोआप दोरा ओवायचं जे बारकं हूक असतं ते तिसऱ्या महिन्यात वाकलं, मी सरळ केलं, परत वाकलं, आता हातानंच ओवतो. प्लॅस्टिकच्या दोन बॉबिन चिरल्या. पायडल तास-दीड तास सलग चाललं की गरम होतं, मग चहा. काज पातळ कापडावर छान पडतात, जाकिटाच्या पट्टीवर मात्र एक लांब एक आखूड, चिडून मी ते सोडूनच दिलं, महाद्वार रोडच्या बाजूला काज-बटण करणारे आहेत त्यांच्याकडनं पाडून आणतो, ते पाच मिनिटांत सगळे एकसारखे पाडून देतात. कडा गुंफणारं इंटरलॉक नाही, झिगझॅगनं कडा मारतो, घरच्यापुरतं ठीक. पावसाळ्यात सुया गंजतात, त्या तेलाच्या फडक्यात ठेवा.

पैशाचं. आबांच्या पहिल्या जाकिटाला कापड, अस्तर, कॅनव्हास, बटणं धरून सव्वापाचशे लागले. माझे तीन रविवार धरले तर ते जाकीट गुजरीतल्या दागिन्याच्या भावाला जाईल, ते सोडा. कापड बहुतेक गांधीनगरातनं आणतो, होलसेल असलं तरी ओळखीनं दोन-तीन मीटर कापून देतात. इचलकरंजी तीसेक किलोमीटर, तिथला एक मित्र लूमवर आहे, त्यानं दिलेल्या सुती तुकड्यांवर मी पहिल्यांदा सगळं शिवून बघतो, खऱ्या कापडाला कात्री नंतर. ज्यांना स्वस्त पडतंय म्हणून मशीन घ्यायचंय त्यांनी घेऊ नये, साधं रेडिमेड त्याहून स्वस्त मिळतं. ज्यांच्या घरात एखादं अंग रेडिमेडमध्ये बसत नाही त्यांनी घ्यावं. आणि रोज डेनिम, कॅनव्हासच्या पिशव्या वगैरे शिवायच्या असतील तर हे नकोच, टेबलवालं जुकी टाईपचं, म्हणजे कारखान्यात असतं तसलं, सेकंडहँड बघा, पण ते मिनिटाला चार-पाच हजार टाके पळतंय, नव्या माणसाचं कापड हातातनं जातं, बोटाचं पण सांगता येत नाही.

बायकोचं राहिलंच. तिला मी दोन कुडते आणि एक बिनबाह्यांचं शॉर्ट जॅकेट शिवलं, ती शाळेत घालून जाते. ब्लाऊजला मात्र हात लावू देत नाही. "अहो, तुम्ही लोखंड कापा, ब्लाऊज माझी टेलरीण शिवेल." मी एकदा जुना उसवून माप काढत बसलेलो ते तिनं बघितलं, तेव्हापासून ब्लाऊजचं कपाट कुलपात.

सध्या आबांचं दुसरं जाकीट टेबलावर बेतून पडलंय, गडद निळी खादी, अस्तर यावेळी दोनदा भिजवलंय, पण पाऊस असा लागलाय की चार दिवस झाले दोरीवर आहे आणि अजून दमटच लागतंय हाताला. आबा रोज सकाळी जाऊन चाचपून येतात.