सांगलीजवळच्या एका तंत्रनिकेतनातील यंत्र अभियांत्रिकी पदविका : माजी विद्यार्थ्याचा अभिप्राय

दहावीनंतर सांगलीजवळच्या एका खासगी तंत्रनिकेतनात मी यंत्र अभियांत्रिकीची तीन वर्षांची पदविका पूर्ण केली आणि आता कुपवाड औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. प्रवेशाच्या दिवसांत अनेक पालक विचारणा करतात, म्हणून हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाशी संलग्न तंत्रनिकेतनांत अभ्यासक्रम आणि लेखी परीक्षा सारख्याच असतात. खरा फरक पडतो तो वर्कशॉपमध्ये, आणि आमच्या संस्थेचे वर्कशॉप उत्तम होते. पहिल्या वर्षी फिटिंगच्या तासाला एमएसची (मऊ पोलादाची) पट्टी व्हाइसमध्ये (बाकावरच्या पकडीत) धरून फाइल (कानस) मारायची, मग ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून पट्टी उजेडासमोर धरायची, आणि पात्याखालून प्रकाशाची बारीक रेघ जरी दिसली तरी पुन्हा फाइल हातात घ्यायची, असा आमच्या इन्स्ट्रक्टर सरांचा शिरस्ता होता. लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापणाऱ्या यंत्रावर) टेपर, म्हणजे निमुळता आकार, काढण्याआधी ते आकडेमोड करायला लावत. 30 मिमी व्यासाचा जॉब (घडवायचा तुकडा) 50 मिमी लांबीत 20 मिमीपर्यंत उतरवायचा असेल, तर व्यासांतील फरकाला लांबीच्या दुपटीने भागून 0.1 येते; हा कोनाचा टॅन्जंट, म्हणजे कंपाउंड रेस्ट (हत्यार धरणारा, कोनात फिरवता येणारा भाग) सुमारे 5.7 अंशांत फिरवावी लागते. शाळेत नुसती पाठ केलेली त्रिकोणमिती कशासाठी असते, हे मला त्या यंत्रापाशी उभे राहून समजले. चकची (जॉब पकडणाऱ्या भागाची) किल्ली काढून जागेवर ठेवल्याखेरीज त्यांनी कोणालाही मशीन सुरू करू दिले नाही, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिले सत्र जड जाते, कारण पुस्तके इंग्रजीत असतात आणि गणिताचा वेग शाळेपेक्षा बराच अधिक असतो. आमचे शिक्षक मराठीतून समजावून सांगत, त्यामुळे निभावले.

तक्रार आहे ती सीएनसीबाबत, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या यंत्राबाबत. संस्थेच्या माहितीपत्रकात मोठ्या छायाचित्रासह झळकणारे ते यंत्र बहुतेक वेळ आच्छादनाखाली असे. आम्ही जी-कोडचे (त्या यंत्राला द्यायच्या आज्ञांचे) प्रोग्राम जर्नलमध्ये (प्रात्यक्षिकाच्या वहीत) उतरवून सबमिशन पूर्ण केले, आणि टूल ऑफसेट (हत्याराच्या मापाची यंत्रात करायची नोंद) कसा द्यायचा हे मला कारखान्यात ऑपरेटर मंडळींकडून शिकावे लागले. औद्योगिक भेटींबाबतही उदासीनताच होती. ज्या जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये माळरानावर कारखाना आणि वसाहत उभी केली, तेथील यंत्र शाखेच्या मुलांनी फाउंड्री (धातूचे ओतकाम करणारा कारखाना) केवळ आकृतीत पाहावी, हे मला मनापासून खटकते.

तरीही ज्याला हाताने काम करण्याची आवड आहे, त्याला मी हाच मार्ग सुचवीन. पदविकेनंतर तिच्या गुणांवर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि आयटीआय झालेल्या मुलांसाठी पदविकेच्या दुसऱ्या वर्षात येण्याची वाट खुली आहे. संस्था पाहायला जाताना मात्र सत्र चालू असताना जावे, वर्कशॉप उघडून दाखवण्याची विनंती करावी आणि लेथखालच्या ट्रेमध्ये ताजा कीस पडलेला आहे का ते पाहावे. सीएनसीवर प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा प्रोग्राम चालवून जॉब काढू देतात का, हे कार्यालयात न विचारता तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे.